रुईचा सायलेन्सर

बाबा, तुम्ही असता तर हे तुमच्याशी बोललोच नसतो. बापाशी पोरीबद्दल कोण बोलतं? तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, म्हणून हे लिहायला जमतंय.

तुम्ही शेठची गाडी सकाळी तापवायचात, ते मला अजून दिसतं. शेठच्या कापसाच्या जिनाच्या आवारात धुकं असायचं, सरकीचा ओला वास असायचा. तुम्ही बॉनेट उघडून लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवता, मूठ कानाशी धरता आणि डोळे मिटता. मी मागच्या सीटवर आडवा पडलेला. गाडी थरथरते, तो थरथराट पाठीतून पोटात येतो, आणि मला झोप लागते. तशी झोप मला त्यानंतर लागली नाही. एकदा मी गल्लीतल्या पोरांना सांगितलं, की ही आमची गाडी. तुम्ही ऐकलं. मारलं नाही, नुसतं खाली बसून माझ्याएवढे झालात. म्हणालात, "आपली कायची रे? आपल्याजवळ चावी असते फक्त. ते बी संध्याकाळी देऊन द्या लागते." मी रडलो होतो. तुम्ही मला परत सीटवर बसवलंत आणि इंजिन उगीचच दोन मिनिटं चालू ठेवलंत.

तुमच्यामागं बरंच झालं. आईनं दीक्षा घेतली. भिंतीवरचे देव उतरले, तिथं आता बुद्धाची तसबीर आहे. तिनं कापूस वेचून मला अमरावतीच्या कॉलेजात घातलं, सायन्सला. दुसऱ्या वर्षी मी ते सोडलं. प्रॅक्टिकलच्या तासाला एक सर सगळ्यांसमोर म्हणाले, की ड्रायव्हरच्या पोराचे हात काळेच राहायचे. मी चंचुपात्र टेबलावर ठेवलं, तेही हळूच, आणि निघून आलो. फाटकापर्यंत मला वाटत होतं, कोणीतरी बोलवेल. मग अकोल्याला एका उस्तादाच्या गॅरेजात लागलो. हात खरंच काळे झाले. पण त्या दीड वर्षात कॉलेजनं एक गोष्ट दिली होती, ती म्हणजे ती.

तिच्या घरचा फुलांचा मळा आहे, बडनेऱ्याहून अमरावतीला येताना उजव्या हाताला. झेंडू, शेवंती, निशिगंध. ती वर्गात यायची तेव्हा वहीच्या पानांत एखादी पाकळी अडकलेली असायची. आम्ही फार बोललो असं नाही. पण मी कॉलेज सोडलं त्या दिवशी सगळी मुलं खिडकीतून पाहत होती, आणि ती एकटी खाली आली होती. म्हणाली, "तुह्या डोक्याले कवा थंडावा येईन?" मी दोन वर्षं त्या एका वाक्यावर काढली.

यंदा दसऱ्यानंतर अमरावतीच्या एका डॉक्टरांची गाडी आमच्याकडे आली. जुनी, उघडी, दोघांपुरतीच, फिक्या हिरव्या रंगाची. कोण्या साहेबानं विलायतेला जाताना विकलेली. तिच्या सायलेन्सरची गंजून चाळण झाली होती. मुंबईहून नवा यायला सहा महिने लागले असते. डॉक्टर म्हणाले, तुम्हीच काय ते बनवा, पण आवाज असा पाहिजे की गाडी शोभली पाहिजे. उस्तादांनी काम माझ्यावर सोपवलं. आधी मी नुसता सरळ पाइप लावून पाहिला. आवाज असा फाटला की समोरच्या दुकानातली कबुतरं उडाली आणि दुकानदार शिव्या देत बाहेर आला. मग ट्रकचा सायलेन्सर कापून बसवला, तर गाडी म्हशीसारखी उसासे टाकू लागली. तिसऱ्या वेळी भोकं पाडलेला पाइप एका नळकांड्यात घातला आणि मधल्या जागेत लेथवर निघालेला लोखंडी कीस भरला. आवाज पुष्कळ चांगला झाला, पण त्यात एक किणकिण राहिली, ताटात खडे हलवावेत तशी. मी दिवसभर गाडीच्या मागं जमिनीवर बसून राहायचो, तुमच्यासारखे डोळे मिटून. उस्ताद म्हणायचे, "अबे, किस के वास्ते इतना कान लगा के बैठा है? गाडी डॉक्टर की है, शादी तेरी थोडी है!"

मी हसलो नाही. कारण त्याच आठवड्यात ती अकोल्याला मावशीकडे आली होती. राजेश्वराच्या देवळामागच्या गल्लीत पाच मिनिटं भेटली. अचलपूरचे पाहुणे गुरुवारी तिला बघायला येणार होते. मुलगा कचेरीत कारकून. ती म्हणाली, "त्याच्या आंदी ये. बाबाले तूच विचार. मी सांगून पायलं, मले रडूच येते." मी म्हटलं, माझी जात, माझं सुटलेलं कॉलेज, हे सगळं? ती म्हणाली, "थे बी तूच सांगशीन. तू भांडाले भेत नाही, मंग बोलाले काहून भेतं?"

मला त्या गाडीला एक आवाज द्यायचा होता. तसा या रस्त्यावर दुसरा नसावा, आणि तो ऐकला की तिला कळावं, मी आलो. उस्ताद दोन दिवस गावी गेले होते. समोरच्या जिनात सरकी काढलेल्या रुईचे ढीग पडलेले. आपल्याकडच्या पोराला कापसाबद्दल जे ठाऊक असतं तेच मला ठाऊक होतं: दाबून बांधलेली रुईची गाठ जळत नाही. आग लागली तरी वरवर करपते, आत पांढरीच राहते. मी कीस काढून टाकला आणि नळकांड्यात रुई ठासली, लाकडी दांड्यानं, खांदे भरून येईपर्यंत. गाडी सुरू केली आणि बाबा, मी तिथंच खाली बसलो. तो आवाज कसा सांगू? दूर कुठंतरी नगारा वाजतोय आणि तुम्ही गोधडीखाली आहात, तसा. भरदार, पण मऊ. संध्याकाळी मी ती गाडी तिच्या मावशीच्या गल्लीतून हळूहळू नेली. ती ओसरीवर लसूण सोलत होती. मान वर केली नाही, पण हात थांबला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "शंभर गाड्यांत ओळखीन मी. बुधवारी ये. आवाज आयकला का मी बाबाले घेऊन फाटकापाशी येते. मी संगं नसली तर अंदर पाय ठेवू नको, माहा भाऊ बोलाच्या आंदी हात टाकते."

बुधवारी सकाळी निघालो. गाडी डॉक्टरांना पोचवायचीच होती. ऊन कोवळं, रस्त्यावर कापसाच्या गाड्या, दोन्ही बाजूंच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे झुपके लटकलेले. मैलामागून मैल तो आवाज माझ्याखाली वाहत होता आणि मी मनात तिच्या बापाशी बोलत होतो. कधी तो मला पाणी द्यायचा, कधी खाटेवर बस म्हणायचा. एकदा तर त्यानं तुमचं नाव विचारलं, आणि मी सांगितलं. गाडी उडत होती की मी, मला सांगता यायचं नाही.

मळा आला तेव्हा माझ्याखाली वाघ डरकाळत होता. रुई जळून गेली होती. अकोल्यात सहा-सात मैल हळू चालवून जे टिकलं, ते साठ मैल पळवून टिकलं नाही. मागं धुराची शेपटी, ठिणग्या. मी वेग कमी केला. मेंदीच्या कुंपणावरून ती दिसली, शेवंतीच्या वाफ्यात, पाठमोरी. तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले आणि मागं वळूनही न पाहता घरात गेली. फाटकापाशी कोणी आलं नाही. मी थोडा वेळ थांबलो, मग पुढं गेलो. डॉक्टरांच्या आवारात नळकांडं उघडलं, तर आत मूठभर काळी राख.

आठ दिवसांनी गॅरेजच्या पत्त्यावर तिचं पाकीट आलं. "बुधवारी दिवस मावळेपर्यंत कान लावून होते. एक मेला ट्रक तेवढा बोंबलत गेला. तू आला नाही." गुरुवारी पाहुण्यांनी पसंत केलं. तुळशीच्या लग्नानंतर तिचंही झालं. ती आता अचलपूरला आहे. मी तिला उलट टपाली सगळं कळवलं होतं: रुई, आग, राख. तिनं एकाच ओळीचं उत्तर पाठवलं, की तुझा काय दोष, नशीब. उस्तादही तेच म्हणतात, "रुई ने मारा बेचारे को." सगळ्या गॅरेजला माझी दया येते. चहा मला आधी मिळतो.

आज मी घरी आलोय. आई चुलीपाशी भाकरी थापतेय. मघा विचारत होती, "काय लिवून राह्यला रे एवढं? कॉलेजचा अर्ज काय?" मी हो म्हटलं. तिनं कंदील माझ्याकडे सरकवला.

बाबा, रुई मळ्यापाशी जळाली नाही. अर्ध्या वाटेवरचं मूर्तिजापूर सोडलं आणि तीन-चार मैलांवर आवाज बदलला, ते मला लगेच कळलं. आता ती ओळखणार नाही, हेही कळलं. बडनेऱ्याला गाडी उभी करून चालत जाता आलं असतं, फाटकापाशी उभं राहून तिला हाक मारता आली असती. मी गाडी थांबवली नाही. तो आवाज फाटला ना, तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. मले हायसं वाटलं होतं, बाबा.