उठताना मांडीवर हात

ती. वहिनींना साष्टांग नमस्कार. (आठातलं एक अंग सध्या संपावर आहे, म्हणून उरलेल्या सातांनी केलाय. गोड मानून घ्या.) तुमची पाठ कशी आहे? दिवसभर दवाखान्यात दुसऱ्यांचे पाय वाकवून वाकवून स्वतःची पाठ धरते, असं तुम्हीच मागे म्हणाला होतात. दादाचं घोरणं अजून भिंतीपलीकडे ऐकू जातं का? माझं सगळं ठीक चाललंय. पत्राला तसं खास कारण काही नाही. वर्षभर आपलं बोलणं नाही, म्हणून लिहितोय.

तर झालं असं, की इथल्या कलाकेंद्राने मला समकालीन नृत्याची सहा दिवसांची कार्यशाळा घ्यायला बोलावलं. नाव कार्यशाळेचं, पण परीक्षा माझीच. शेवटच्या दिवशी संचालिकाबाई सादरीकरण बघणार आणि वर्षभराचा वर्ग मला द्यायचा, की त्यांच्या नजरेतल्या दुसऱ्या एका, हवेत तरंगणाऱ्या तिशीतल्या पोराला, ते ठरवणार. पंचेचाळिशीच्या नाचणाऱ्याला अशी बोलावणी उठसूट येत नाहीत, वहिनी. त्यातून माझा डावा गुडघा. वर्षभर नुसता कुरकुरत होता, गेले दोन महिने जिना उतरताना असा वाजायचा की पुढचा माणूस वळून बघायचा. मी कुणाकडे चकार शब्द काढला नाही. नाचणाऱ्याचा गुडघा गेला हे एकदा फुटलं, की लोक भेटायला येतात, कामाला बोलावत नाहीत.

विद्यार्थी एकोणीस, सगळे हौशी. त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं की यात ठरलेल्या मुद्रा नाहीत. पडायचं, लोळायचं, उठायचं, आपला भार दुसऱ्यावर टाकायचा. (एक निवृत्त तपासनीस म्हणाले, हे तर आमचा नातू घरी न शिकता करतो.) मी करून दाखवायचो, ते बघून करायचे. चौथ्या दिवशी म्हटलं, आता मी बसतो, तुम्ही करा. आणि बघतो तर काय! एकोणीसच्या एकोणीस धडधाकट माणसं जमिनीवरून उठताना मध्येच अडकली, मांडीवर हात टेकला, दात आवळले, ‘हं’ केलं आणि एक पाय जपत चालायला लागली! (उजवा पाय. मी समोर तोंड करून शिकवतो ना, त्यामुळे माझं डावं दुखणं त्यांच्या उजवीकडे गेलं.) दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तर वहीत टिपून ठेवलं होतं: उठताना मांडीवर हात, श्वास सोडत ‘हं’, चेहऱ्यावर वेदना. मी ओरडलो, हे काढून टाका! तर म्हणतात, सर, तुमच्या नाचातलं तेवढंच तर आम्हाला नीट जमतं.

त्यांच्यात साठीच्या एक शिंपीणबाई आहेत. बोलणं बेताचं, पण नजरेतून सुई सुटणार नाही. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मागे थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, “सर, तुमची डावी मांडी उजवीपेक्षा दीड इंच बारीक आहे. पँट एका अंगाला लोंबते. हे आजकालचं दुखणं नाही.” मी त्यांच्यावर खेकसलो, की तुम्हाला इथे मापं घ्यायला बोलावलेलं नाही. त्या चपला घालून गुमान निघून गेल्या. मग कळलं, की संचालिकांचे कपडे याच शिवतात! दोन दिवस केंद्रातला फोन वाजला की वाटायचं, झालं, बाईंनी सांगितलं.

रविवारी संध्याकाळी सादरीकरण. संचालिका पहिल्या रांगेत, हातात पेन. शेवट असा ठरला होता, की सगळे जमिनीवर कोसळणार, मग मी एकटा उठून धावत येणार आणि सगळ्यांवरून उडी मारणार. तोवर कुणी बोटसुद्धा हलवायचं नाही, असा दम मीच भरला होता. आम्ही कोसळलो आणि माझ्या गुडघ्यात काहीतरी खट्कन सरकलं. वाकलेला पाय वाकलेलाच राहिला, सरळ होईना. संगीत संपलं. मी पडलेलो, आणि मी उठत नाही म्हणून ते एकोणीस शिस्तीचे पुतळेही पडलेले. पंख्याची घरघर ऐकू येत होती, संचालिकांच्या पेनची टिकटिक ऐकू येत होती. एक मिनिट गेलं, दोन गेली. पुढे कुणीतरी खोकलं. मनात म्हटलं, संपलास बाबा तू. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेही पुसता येईना.

आणि शिंपीणबाई उठल्या. मांडीवर हात, ‘हं’, आणि पाय जपत माझ्याकडे. त्यांच्यामागे तपासनीस, मग डॉक्टरीणबाई, मग सगळेच, तस्सेच. एका माणसाचा भार सगळ्यांच्या तळव्यांवर कसा वाटून घ्यायचा, हे तिसऱ्या दिवशी मीच शिकवलं होतं. त्यांनी मला तसं उचललं, शिंपीणबाईंनी तो वाकडा पाय दोन्ही हातांनी धरला, अजिबात धक्का लागू दिला नाही, आणि मला वाजतगाजत नव्हे, अगदी गपचूप दाराबाहेर नेऊन बाकावर ठेवलं. आत टाळ्यांचा कडकडाट! संचालिका डोळे पुसत बाहेर आल्या. म्हणाल्या, शेवट फार भिडला, ती उठायची पद्धत तुमची स्वतःची का? मी घामाने निथळत म्हटलं, हो, बरीच वर्षं खपून कमावलीय. वर्षभराचा वर्ग मला मिळाला. पुढच्या महिन्यापासून, आणि तेच उठणं शिकवायचंय. शिंपीणबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि आपली पिशवी उचलली.

तर असं सगळं छान आहे. दादाला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा दीर

ता. क. गुडघा रविवारपासून सरळ झालेला नाही. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन आहे. संचालिकांना अजून सांगितलेलं नाही. धीरच होत नाही.

आणखी एक ता. क. दवाखान्याच्या फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची जागा होती. तिथे न विचारता तुमचं नाव घातलंय. मागच्या वर्षी तुम्ही गुडघा दाबून बघून म्हणालात, भाऊजी, हे वेळेवर दाखवा. आणि मी भरल्या घरात म्हणालो, की लंगड्यांना चालवणाऱ्या बाईला नाचणाऱ्याचं अंग काय कळणार. त्याची माफी वर कुठेतरी मागायची होती, पण तीन कागद भरले तरी जमलं नाही. चुकलो, वहिनी.

शेवटचा ता. क. डॉक्टर म्हणतात, नाचाचं आत्ताच काही सांगता येत नाही, आधी चालणं पहिल्यापासून शिकावं लागेल. शिकवणारं कुणी आहे का, विचारत होते. मी ‘आहे’ म्हणून बसलोय. मला फार भीती वाटतेय. खेकसलो तर सरळ एक ठेवून द्या, पण या.