दुखणं — नाही

५ जानेवारी, सोमवार

बाकावर बसवली! कॉलेजा-कॉलेजांतली पहिलीच मॅच, आपल्याच कोल्हापुरात, आणि माझी पोरगी सगळा वेळ बाकावर बसून टाळ्या वाजवतीय. दोन म्हशींच्या धारा आवरून, बावड्यातनं रिक्षा करून मी गेले ते काय टाळ्या बघायला? टाळ्या ती घरात पण वाजवती.

मॅच संपल्यावर मनाली मॅडमला गाठलंच. कॉलेजच्या पोरींना बास्केटबॉल शिकवतात. माझ्यापेक्षा धा वर्षांनी लहान, गळ्यात शिट्टी. म्हटलं, मॅडम, निशिगंधा तीन वर्षं पाच जणींत खेळती, आताच काय झालं? तर म्हणाल्या, "काकू, तिचा पाय उचलत नाहीये. मी दोनदा विचारलं, काही होतंय का. नाही म्हणते."

पाय उचलत नाही म्हणे! माझ्या पोरीचा! त्यांच्या ओळखीतली कुणीतरी पोरगी आत घुसवायची असणार. दुसरं काय.

ही वही पण त्यांचंच खूळ. पोरी अकरा, अकरा घरी अकरा वह्या. पोरीनं काय खाल्लं, किती झोपली, कुठं दुखतंय का — आईनं रोज लिहायचं, आणि फायनल झाली की वही परत द्यायची. मी सातवी नापास. पण लिहिते. पुढनं त्यांचं लिहिते, आणि वही उलटी धरून मागनं माझं. द्यायच्या आधी मागची पानं फाडायची, बंबात घालायची. कुणाला कळतंय.

आजचं पुढचं पान: भाकरी दोन, अंडी दोन, दूध तांब्याभर. झोप सात तास. दुखणं — नाही.

६ जानेवारी, मंगळवार

दुखणं आहे!

सकाळी न्हाणीच्या दारात बसून पाय पुसत होती. मला बघितल्यावर टॉवेल पायावर टाकला. मी ओढून काढला. डावा गुडघा नारळाएवढा!

"काय गं हे?"

"काय न्हाय आई."

काय नाही? मग सांगितलं. सरावाला उडी मारली, खाली येताना पाय वाकडा पडला, आत टक्क करून वाजलं. आठ दिवस झाले! आठ दिवस माझ्या डोळ्यांसमोर दात-ओठ खाऊन सरळ चालती, आणि मला दिसलं नाही.

पाय धरले माझे. "मॅडमला सांगू नकोस आई. शेवटचं वर्ष हाय माझं. विद्यापीठाच्या टीमची निवड करणारी माणसं फायनलला येणार हाईत. आता न्हाय तर कधीच न्हाय." आणि रडली. हात मोडला तेव्हा रडली नव्हती ही.

बरं म्हटलं. आमच्या घरात गुडघा काय नवीन आहे? मामंजींची हयात तालमीत गेली. त्यांचं एकच सांगणं — दुखणं थंड पडू द्यायचं नाही. गरम लेप आणि बैठका. आंबेहळद, तुरटी, रक्त्याबोळ उगाळलं, कढवलं, ऊन ऊन थापलं. उद्यापासून पहाटे पन्नास बैठका. मोजणार मी.

आमचे हे कारखान्यातनं पाळी करून आले, ते दारातच उभे राहून बघत होते. "शालू, ऐक जरा..." म्हणाले. म्हटलं, आधी म्हशींना वैरण टाका, मग ऐकते.

पुढच्या पानावर: दुखणं — नाही.

७ जानेवारी, बुधवार

पन्नास झाल्या. सूज कमी वाटती. वाटती.

८ जानेवारी, गुरुवार

जिंकलो! शेवटच्या दहा मिनिटांत मॅडमनी निशीला आत घेतलं. चार बास्केट घातल्या पोरीनं! ओरडून ओरडून माझा घसा बसला. शेजारी सांगलीकडचे एक पावणं बसले होते, म्हणाले, "बाई, जरा हळू. कान हाय माझा."

म्हटलं, "पावणं, कान तिकडं न्या. पोरगी माझी हाय."

हा बैठकांचा गुण. उद्या पंच्याहत्तर.

पण एक बघितलं. मॅच संपल्यावर बाकावर बसताना तिनं दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि मग वाकवला. खुर्ची मिटतात तसा. माझ्याकडं बघून हसली. मी पण हसले.

१० जानेवारी, शनिवार

सांजच्याला दूध कट्ट्यावर, गिऱ्हाईकासमोर धार काढून द्यायला, म्हैस घेऊन उभी होते. प्रियदर्शनी आली. टीमची कॅप्टन, गारगोटीची पोरगी, हॉस्टेलवर राहती. ताडमाड उंच. म्हैससुद्धा तिच्याकडं मान वर करून बघती.

"काकू, फेस जास्त घाला."

एका दमात ग्लास संपवला. ओठावर पांढरी मिशी. मग जवळ सरकली. "काकू, निशीचा गुडघा जिना उतरताना निसटतोय. कठड्याला धरून उतरती. मॅडमला सांगू का मी?"

"तू तुझं दूध पी."

"पिलं की."

"मग आणि एक पी."

दुसरा ग्लास भरून दिला, माझ्याकडनं. तोंड बंद करायला दिला हे तिला पण कळलं. ग्लास कट्ट्यावर ठेवला, तसाच, भरलेला. "येते काकू," म्हणाली आणि गेली. मी मग ते दूध चंद्रीच्या घमेल्यात ओतलं. म्हशीनं पण तोंड लावलं नाही.

११ जानेवारी, रविवार

तिची झोप वहीत लिहायची. माझी झोप कोण लिहिणार?

१२ जानेवारी, सोमवार

आज शंभर. साठाव्या बैठकीला थांबली. घाम, आणि ओठ पांढरे. "आई, आत कायतर अडकतंय."

"अडकलंय ते सुटंल. मार."

मारल्या. अजून चाळीस. मोजताना माझाच आवाज कापायला लागला, म्हणून मग मोठ्यानं मोजलं.

हे दारातल्या कट्ट्यावर चहा पीत होते. कप खाली ठेवला. "शालू, माझं एकदा ऐकून घे —" म्हटलं, बघू नंतर, धारेची वेळ झाली. उठून गेले. डावा पाय ओढत गेले, नेहमीसारखे. लग्नाच्या आधीच कारखान्यात जिन्यावरनं पडले होते, तेव्हापासून तो पाय असाच.

दुखणं — नाही. आठव्यांदा लिहिलं हे. आता हात आपोआप लिहितो.

१३ जानेवारी, मंगळवार. भोगी

बाजरीची भाकरी, लोणी, भोगीची भाजी. निशीनं अर्धी भाकरी खाल्ली. मी वहीत दोन लिहिल्या.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

सेमीफायनल. कागलच्या पोरींबरोबर. त्या एका पॉइंटनं पुढं, आणि वेळ अर्धा मिनिट. मॅडमनी निशीला आत सोडली. देवाला म्हटलं, हिच्याकडं बॉल येऊ देऊ नको. आई असून असं म्हटलं मी!

बॉल आला. प्रियदर्शनीनं लांबनं टाकला. निशी उडाली — काय उडाली! — आणि घातला. जाळीला धक्कासुद्धा नाही.

आणि खाली आली ती डाव्या पायावर. गुडघा आत गेला. कडी नसलेलं दार वाऱ्यानं आत जातं तसा. पडली. लगेच उठली, हसत. शिट्टी झाली, सगळ्या पोरी तिच्या अंगावर, ग्राउंड नुसतं नाचतंय. फायनल रविवारी!

मी नाचले नाही. गेल्या साली माझी चंद्री गोठ्यात घसरली. दुसऱ्याच पावलाला मला कळलं, पाय दुखावलाय. दुपारच्या आत जनावरांचा डॉक्टर दारात उभा केला. म्हशीला डॉक्टर. आणि पोरीला बैठका.

मॅडम आल्या. ट्रॅकपँटच्या खिशातनं तिळगूळ काढला, माझ्या हातावर ठेवला. "गोड बोला काकू. भांडलात माझ्याशी परवा!" मी तोंडात टाकला. मग म्हणाल्या, "पडली तेव्हा काही लागलं नाही ना? मला ती सांगणार नाही. तुम्ही आई आहात, तुम्हाला दिसतं."

"काय न्हाय मॅडम," म्हटलं.

तिळगूळ तोंडात होता. अजून विरघळला पण नव्हता.

१५ जानेवारी, गुरुवार

सकाळीच निशीला घेऊन आकाराम वस्तादांकडं गेले. मामंजींच्या तालमीतले, ऐंशीला टेकलेत, पण अजून अर्ध्या गावाची हाडं त्यांच्याच हातानं बसतात. म्हटलं, हे चोळून देतील. रविवारपुरतं झालं म्हणजे बास.

वस्तादांनी तिला झोपवलं, गुडघा वाकवला, पोटरीला दोन्ही हातांनी धरून पुढं ओढली. नुसती ओढली. पाय मांडीखालनं पुढं सरकला — मी बघितलं, डोळ्यांनी! — टेबलाचा ड्रॉवर सरकतो तसा. पाय असा सरकतो?

हात काढून घेतला त्यांनी. पंच्याला पुसला.

"काय केलंसा ह्याला?"

"गरम लेप. बैठका."

"किती?"

"शंभर."

"कुणी सांगितल्या?"

"मामंजींनी... म्हणजे, ते सांगायचे की."

म्हाताऱ्यानं पंचा खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "सूनबाई, हे हाड न्हवं. आतली दोरी तुटल्याली हाय. हे माझ्या हाताचं काम न्हाय, मोठ्या डॉक्टरचं हाय. आनि बैठकांचं म्हनशील तर घरात बाळासोला इचार. त्याचा पाय कशानं गेला, ते इचार."

घरी आले. हे गोठ्यात होते. विचारलं.

कारखान्याचा जिना नाही. पडले नाहीतच कधी. गारगोटीच्या मैदानात कुस्ती खेळताना गुडघा टक्क करून वाजला. मामंजी म्हणाले, थंड पडू द्यायचं नाही. गरम लेप आणि रोज शंभर बैठका. दोन महिने मारल्या. मग पाय परत सरळ झालाच नाही. बापाचं नाव नको म्हणून जिना सांगितला सगळ्यांना. मला पण. पंचवीस वर्षं.

मी ओरडलेच. "मग इतकं दिस का बोलला न्हाईसा? डोळ्यांदेखत मोजत हुते मी!"

म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. वर पण बघितलं नाही. "दोनदा आलतो सांगाय. एकदा वैरण टाक म्हणालीस. एकदा बघू नंतर म्हणालीस."

आज वैरण मीच टाकली.

निशीला म्हटलं, मॅडमला सांगणार आहे मी. "एकच मॅच हाय आई! एकच! मग काप की पाय!" असं किंचाळली की म्हशी दावणीला उसळल्या. मग एकदम हळू, "सांगितलंस तर परत तुला आई म्हणणार न्हाय." दार लावून बसली. जेवली नाही. पुढच्या पानावर काय लिहू? आज काहीच लिहिलं नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

मॅडम, ही पानं फाडणार होते. फाडली नाहीत. वही फायनलनंतर द्यायची होती, ती आजच प्रियदर्शनीच्या हातनं पाठवती. तिला दूध पाजलं नाही, नुसती वही दिली. पुढच्या बाजूला 'दुखणं — नाही' दहा वेळा आहे. ते दहाही वेळा खोटं, आणि पहिली सोडून बाकी नऊ वेळा मला माहीत होतं. म्हणून मागनं वाचा. निशिगंधाचा काही दोष नाही, बैठका मी मोजल्या. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या घरात एक गुडघा असाच गेला, आणि तेव्हा विचारणारं कुणी नव्हतं. तुम्ही दोनदा विचारलं होतं. तुम्हाला मी नको नको ते बोलले.

पोरगी माझ्याशी बोलायची बंद झाली आहे. तुमचं ऐकती. रविवारी तिला बाकावर बसवायची तर तोंडावर तुम्ही सांगा, आणि पाय बरा झाला की परत घेणार का, ते पण सांगा. नाही म्हणायचं असलं तर नाही म्हणा. उद्या शनिवार. सांजच्या धारेच्या आत मला उत्तर पाहिजे. बघू नंतर म्हणू नका. ते माझं म्हणून झालंय.

शालन बाळासो, कसबा बावडा