पट्टी, बाही की बायपास

शहापूर,
६ सप्टेंबर २००९, रविवार

प्रिय अंजू,

भात झोडायची पायाने चालणारी यंत्रं, अकरा. आसनगाव रस्त्यावरच्या निम्म्या बंगल्यांची ग्रिलं, आणि त्यांतली वेलबुट्टी कुठल्या पुस्तकातून उचललेली नाही, खडूने फरशीवर मीच काढलेली. शाळेतली घसरगुंडी, जिच्यावर आजवर एकाही पोराची चड्डी फाटलेली नाही. तुझ्या शिलाई मशीनचा पायटा. आधीचा वर्षात तडकला होता, माझा अजून चालतो. कंबरेएवढ्या पाण्यात उभं राहून बसवलेली विहिरीची शिडी. हे सगळं मी माझ्या हाताने केलं आणि मला ते कोणी शिकवलेलं नाही. सातवीनंतर शाळा सुटली, आणि वेल्डिंग मी कल्याणच्या एका शेडबाहेर उभा राहून, डोळे सुजवून घेत शिकलो, हे तुला माहीत आहे. रात्री माझ्या डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या तूच ठेवायचीस. याच यादीत एकशे एकोणचाळीस किलोचं शरीरही धरायला हवं. तेही मीच बनवलं होतं. त्यालाही दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नव्हता.

सोमवारी फोनवर तू म्हणालीस, दादा, डॉक्टरांनी तीन ऑपरेशनं सांगितलीत, त्यातलं कुठलं करायचं ते पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवा म्हनले, तू कुठलं केलंस नि का केलंस ते सांग. मी पत्रात लिहितो म्हटलं तर हसलीस, आता पत्र कोन लिहितं रे. पण हे फोनवर सांगायचं काम नाही. फोनवर तू हो हो म्हणतेस आणि तिकडे ब्लाउजला हुक लावत असतेस. तुझे गुडघे गेलेत. झोपेत तुझा श्वास मध्येच थांबतो आणि पंकजराव तुला हलवून जागं करतात, हे मला तुझ्या योगिनीने सांगितलंय. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर एखाद्या दिवशी हलवूनही जाग येणार नाही. तेव्हा करायचं की नाही हा प्रश्न संपलेला आहे. कुठलं, एवढंच ठरवायचंय.

माझं कसं ठरलं ते पहिल्यापासून सांगतो. सरकारी दवाखान्यातल्या वजनकाट्यावर मी उभा राहिलो तर काटा एकशेवीसवर जाऊन टेकला आणि तिथेच थांबला, कारण पुढे आकडेच नव्हते. नर्सबाईंनी कागदावर ‘एकशेवीसच्या वर’ असं लिहिलं. ‘च्या वर’ हे काय माप झालं? मी तिथून उठलो आणि धाऊच्या भातगिरणीवर गेलो. धाऊने पोती उतरवून काटा मोकळा केला, मला उभं केलं, चष्मा लावून दोनदा बघितलं आणि गिरणीभर ऐकू जाईल असं म्हणाला, देवराम, तू दोन पोत्यांच्या जवळ आलास रे, हमाली दोघांची लागंल. सगळे हसले, मीही हसलो. पण एकशे एकोणचाळीस हा आकडा खरा होता आणि तो मी खिशात घालून मुंबईच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी कागदावर पोट काढलं. तुलाही काढून दाखवलं असेल. एक, पोटाच्या तोंडाशी रबरी पट्टी बसवायची आणि ती बाहेरून सुईने पाणी भरून आवळायची, सैल करायची. दोन, पोट उभं कापून त्याची नुसती बाही ठेवायची. तीन, पोटाचा वरचा लहानसा कप्पा वेगळा करून त्याला खालचं आतडं जोडायचं, म्हणजे अन्न मधला रस्ता टाळून जातं, तो बायपास. मला पहिल्या मिनिटाला पट्टी पसंत पडली. पंपाच्या नळीवर आपण क्लिप आवळतो तसलाच तो प्रकार. कापाकापी नाही, नको झालं तर स्क्रू सैल केला की झालं. मी डॉक्टरांना नळीचा व्यास, दाब, गळती सगळं समजावलं. भला माणूस, त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग म्हणाले, नळीचं कळलं, आता तिच्यातून काय जातं ते सांगा. दिवसभरात काय खाता?

मी सांगितलं. सकाळी दोन भाकऱ्या, दुपारी भात, रात्री भात, मधे काही नाही. सणाला गोड. मला खरंच वाटत होतं की मी सगळं सांगितलं. काशी बाजूला बसली होती. तुझी वहिनी चारचौघांत बोलत नाही, पण तिने पदर सावरला आणि म्हणाली, नि चाय? ती काय मी पिते? डॉक्टरांनी पेन उचललं. मी म्हटलं, चहा म्हणजे काय खाणं आहे का? अंजू, आपल्याकडे चहा खाण्यात कोणी धरलाय कधी? गिऱ्हाईक आलं की चहा, माप घेऊन झालं की चहा, पैसे आणून दिले की चहा, आणि पैसे नंतर देतो म्हणाला तरी चहा. काशीने बोटांवर मोजायला घेतलं आणि दुसऱ्या हातावर गेली. वर साखरेचं म्हणाली, चमचा सरळ उभा राहील एवढी लागते यांना. डॉक्टर म्हणाले, पट्टी भाकर अडवील, भात अडवील. हा साखरेचा चहा तुमच्या क्लिपमधून सरळ खाली जाईल आणि वजन आहे तिथेच राहील. शिवाय तुमची मधुमेहाची इंजेक्शनं चालू आहेत. तुम्हाला बायपास.

बाहीचं तेव्हा नवं होतं. दहा वर्षांनी काय होतं ते आम्हीही अजून पाहिलेलं नाही, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. मला तो माणूस आवडला. जे पाहिलं नाही ते पाहिलं नाही म्हणणारा.

आता गावातली गंमत. मी हॉस्पिटलात असतानाच इकडे बातमी पसरली की देवरामला बायपास झाला. बायपास म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी माहीत, एक छातीची आणि एक हायवेची. घरी आलो तर ओटीवर पन्नास माणूस. प्रत्येकाच्या हातात काहीतरी खायचं. केळी, बिस्किटं, नारळ, कोणी तर बालुशाही. मला त्या दिवशी तासाला दोन झाकणं पाणी घ्यायची परवानगी होती, झाकण म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं. लडकूकाकाने माझा सदरा वर करायला लावला, छाती निरखून पाहिली आणि जाहीर केलं, याला चिरलाच नाय, पैसं घेऊन सोडून दिलाय. कमळू तर तिसऱ्या दिवशी आला आणि खाली आवाजात विचारतो कसा, देवराम, बायपास तुझ्या कुठल्या शेतातनं गेला रे, मोबदला काय भाव मिळाला? मला हसताना टाके दुखत होते. त्याला काय सांगणार, माझ्या खालच्या पोटातनं गेला म्हणून.

ते हसणं सोड, पण सोपं होतं असं मी लिहिणार नाही. पहिले पंधरा दिवस पातळ. काशी पेज शिजवायची आणि मी ती मलमलच्या फडक्यातून गाळायचो. तिने गाळलेलीत एखादं शीत राहायचं आणि ते शीत मला आत कळायचं, म्हणून ते काम मी माझ्याकडे घेतलं. दोन महिन्यांनी केस गळले, पुढे परत आले. गोळ्या जन्मभर घ्यायच्या, चुकवून चालत नाही. एकदा एका गिऱ्हाईकाच्या आग्रहाने अर्धा कप गोड चहा घेतला तर दरदरून घाम फुटला, छाती धडधडली आणि त्याच्याच पलंगावर आडवं व्हायची वेळ आली. तेव्हापासून मी बिनसाखरेचा घेतो. इंजेक्शनं सुटून अडीच वर्षं होत आली. आज धाऊच्या काट्यावर अठ्ठ्याऐंशी आहे. धाऊ म्हणतो, एक पोतं कुठं विकलंस? मी पुन्हा शिडीवर चढतो, अंजू. वर गेलो की दोन मिनिटं उगाच थांबतो, माहुलीचे सुळके दिसतात तिथून.

हे सगळं ऐकून तू म्हणशील, मग मीही बायपास करते. तसं करू नकोस. माझं माझ्या चहावरून ठरलं, तुझं तुझ्या ताटावरून ठरव. तुला साखरेचा आजार नाही. गोडाची तुला लहानपणापासून ओढ नाही, पेढा तू मला देऊन टाकायचीस. तू खातेस भात, आणि तो सगळ्यांत शेवटी. सासूबाई, पंकजराव, पोरं जेवली की तू पातेलं पुढ्यात घेतेस, आणि जे उरलं ते टाकवत नाही म्हणून संपवतेस. भूक किती होती हे तुला माहीतच नसतं, पातेल्यात किती होतं ते माहीत असतं. मी तुझ्याकडे जेवायला आलो की हे बघतो, बोललो नव्हतो. माझ्या मते तुला बाही. ज्याच्या पोटात जागाच कमी ठेवायची, त्याला तेच बरं. डॉक्टरांना मात्र हे पातेल्याचं जसंच्या तसं सांग. त्यांनी ‘काय खाता’ विचारलं तर तू दोन चपात्या सांगशील, कारण ताटात वाढून घेतलेल्या तेवढ्याच असतात. पातेल्यातलं आपण खाण्यात धरत नाही.

तू फोनवर म्हणालीस, कापलेलं परत जोडता येत नाय रे दादा. खरं आहे. बाहीचं कापलेलं पोट परत येत नाही. पण हे तू म्हणावंस? मुरबाडच्या निम्म्या बायकांच्या महागड्या साड्यांतलं कापड तू बेधडक कात्रीखाली घेतेस. दोनदा मापतेस आणि मग थांबत नाहीस. इथेही माप घेऊन झालंय.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवू शकलो असतो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर झालं. पण तुझा प्रश्न तो नव्हताच, हे मला बुधवारी कळलं. योगिनीने पीसीओवरून फोन केला. म्हणाली, मामा, आई तुम्हांला तीन ऑपरेशनं इचारते, पन मला म्हनते, कुठलंबी केलं तरी मागनं मला पेज कोन करून देनार? पोरगी एवढंच बोलली आणि रडायला लागली. तुझी दोन्ही बाळंतपणं मुरबाडला झाली. आई तोवर गेली होती, काशी अजून यायची होती, आणि घरात बाईमाणूस नाही तिथे बाळंतीण कशी आणणार, असं सगळे म्हणाले. पाचव्या दिवशी तू चुलीपाशी होतीस. आल्यागेल्याला तू त्यावर हसून बोलायचीस, मला माहेरपन सोसत नाय.

लगेच दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तू अस्तराचं कापड आणायला कल्याणला गेली होतीस तेव्हा मी मुरबाडला येऊन गेलो. तुला सांगू नका असं मीच म्हटलं होतं. सून मागायची तर सासूकडे मागायची, म्हणून नारळ घेऊन आलो आणि सासूबाईंपुढे ठेवला. म्हटलं, महिनाभर अंजूला माहेरी न्यायला आलोय. त्या म्हणाल्या, आडतीस वर्सांची सून नि माहेरपन? मंग मलाबी न्या, मला तरी कोनी नेलंय. मी म्हटलं, चला. तर म्हणाल्या, नको, तुमच्याकडं चाय बिनसाखरेची. मग नारळ हातात फिरवला आणि म्हणाल्या, पितरांचा पंधरवडा सरू द्या, मग न्या. पोरांचं मी बघीन, माझे काय हात मोडलेत का. पंकजराव दारात उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली, पण ती कशी हलवली ते मी पाहिलं.

तेव्हा हे पत्र ऑपरेशन कुठलं ते सांगायला लिहिलेलं नाही. ते तू शुक्रवारी डॉक्टरांना सांगशील आणि बरोबरच सांगशील. मी लिहिलं ते एवढ्यासाठी की हॉस्पिटलातून तू मुरबाडला जायचं नाहीस, शहापूरला यायचंस, आणि तुला आणायला मुऱ्हाळी म्हणून मी येईन. माजघराच्या शेजारची खोली काशीने सारवून ठेवली आहे. पलंगाची उंची तुझ्या गुडघ्यांना सोसेल इतकी वाढवली आहे. पेज काशी शिजवील आणि मी गाळीन, शीत राहणार नाही. तू एकच करायचं आहे, पातेल्याकडे बघायचं नाही. आणि तुझ्यामुळे दादाचं काम बुडेल असं तू म्हणायच्या आधी सांगतो, ते बुडवून झालंय. टोकावड्याला मुंबईच्या एका माणसाचं फार्महाऊस उभं राहतंय. मोठं गेट, गोल जिना, चारी बाजूंचं कुंपण, सगळं दिवाळीआधी पाहिजे, आणि जिना माझ्याच हातचा पाहिजे असा त्याचा हट्ट होता. काल जाऊन त्याला नाही म्हणून आलो. एक लाख साठ हजार म्हणत होता.

तुझाच, तुला न्यायला निघालेला,
देवरामदादा