बाभळींपाशी बंद पडते

३ ऑक्टोबर, शुक्रवार

बंद! बोटीची मोटर ऐन धरणाच्या मधोमध बंद! पाण्यात त्या दोन वाळक्या बाभळी उभ्या आहेत, तिथं. आधी खोकल्यासारखं केलं, मग फट-फट-फट, मग काहीच नाही. वीसएक वेळा दोरी ओढली. खांदा निखळायचा राहिला. शेवटी वल्हं मारत पलीकडे नेली.

आबा मधल्या फळीवर बसून. पलीकडचा जीपवाला वाट बघून निघून गेलेला. डायलिसिसला दीड तास उशीर. सिस्टर म्हणाली, पुढचा पेशंट आहे, आज अडीच तासच मिळतील. चारच्या जागी अडीच! बापाचे पाय आधीच सुजलेत.

पुरात पूल गेला. रस्त्याने फिरून जायचं तर तीन तास, आणि त्या खड्ड्यांत आबांना दोनदा भोवळ आली. म्हणून तर ही बोट आणली. जुनी असेना का! वस्तीभर सांगत सुटलो होतो — माझा बाप आता पाण्यावरून जाणार, वीस मिनिटांत! आता हसा म्हणावं.

४ ऑक्टोबर

माजलगावहून पप्पूला आणलं. तो फवारणीचे पंप दुरुस्त करतो, बोटीची मोटर जन्मात पाहिलेली नाही. प्लग काढला तर काळाकुट्ट, तेलकट. "पेट्रोलमधी ऑइल लई टाकलं भाऊ तुमी." पटलं. मिश्रण नव्याने केलं, पाण्याच्या पिंपात मोटर बुडवून चालवली. ठणठणीत!

५ ऑक्टोबर

एकट्याने दोन फेऱ्या मारल्या. ठणठणीत.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा. पुन्हा बाभळींपाशीच!

डोकं फिरलं. हातातला प्लगचा पाना फेकला पाण्यात. घरात तेवढा एकच पाना. मूर्ख आहे मी.

आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे आदिनाथ. आज घरी जाऊ." घरी जाऊ म्हणे! बाजाराला निघालो होतो का आपण? पलीकडच्या काठाकडे वल्हं असं हाणलं की दोघंही भिजलो.

८ ऑक्टोबर

ज्यानं बोट विकली त्याला फोन लावला. भांडायलाच लावला होता. तो थंडपणे म्हणाला, "टाकीच्या झाकणावरचा बारका स्क्रू ढिल्ला ठेवता ना? हवा नको का टाकीला? त्याशिवाय पेट्रोल पुढं सरकेल कसं?"

हवा! मी तर रोज करकचून आवळत होतो, पेट्रोल उडून जाऊ नये म्हणून. एकट्याच्या फेऱ्या छोट्या, काठाकाठाने झाल्या, म्हणून चालली असणार. सापडलं एकदाचं! बायकोला, मनीषाला, चहा टाकायला लावला. स्वतःवरच हसलो.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

स्क्रू ढिला होता. तरी बंद पडली.

पण आज एक दिसलं. नळीत तो रबरी फुगा असतो ना, हाताने दाबून पेट्रोल पुढं ढकलायचा — तो चपटा बसला होता. म्हणजे मोटर बरी आहे, टाकीकडूनच पेट्रोल येत नाही! आबांना म्हटलं जरा सरका, तुमच्या पायापाशी टाकी आहे, तिचं झाकण उघडतो. ते सरकले, फुगा भरला आणि पहिल्याच ओढीला चालू.

नळी आतून सडली असेल. उद्या नवी.

११ ऑक्टोबर

नवी नळी घातली. मनीषाला बसवून बाभळींच्या पुढंपर्यंत जाऊन आलो. काही नाही. येताना ती म्हणाली, "अहो, आबा बसले की मगच बंद पडती का?" तिच्यावर खेकसलो. माझा बाप काय पनौती आहे?

पण ते डोक्यातून जाईना. वजनाचं काही असेल का? दुपारी आबांच्या जागेवर ज्वारीचं पोतं ठेवून नेलं. पोतं पन्नास किलोचं. त्यातून पायलीभर काढावी लागली, आबांचं वजन आता तेवढंही नाही.

पोतं घेऊन मोटर सुरळीत चालली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज मोटरकडे पाहिलंच नाही. आबांच्या पाठीकडे पाहत राहिलो. त्यांचं तोंड पुढं, मी मागं मोटरपाशी. बाभळी जवळ आल्या. आबांनी पायातली चप्पल काढली, उजवी टाच मागं सरकवली, नळीवर ठेवली आणि गुडघ्यावर दोन्ही हात टेकून भार दिला. फुगा बसला. मोटर खोकली.

"आबा, पाय!" — एवढ्यानं मी त्यांच्यावर कधी ओरडलो नव्हतो. त्यांनी पाय उचलला. मोटर लगेच सुधारली.

"कावून, आबा?"

वळून बघितलं नाही त्यांनी. "बास झालं रं आता. त्या सुया, ती हुडहुडी. दोन दिस तिथं जायचं अन् चार दिस त्यातनं उठायचं. पर तू माझ्यासाठी बोट आणलीस, गावाला सांगितलंस. तुझ्या तोंडावर न्हाई कसं म्हणू?"

मोटर पूर्ण वेगात सोडली. आज वेळेवर पोचलो, पूर्ण चार तास झाले. बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. भीती वाटते आहे, दुसरं काही नाही. डायलिसिस थांबलं तर आबा किती दिवस? डॉक्टर म्हणालेत, फार तर दोन आठवडे.

मनीषाला सांगितलं. ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "तुमी त्यांना कधी इच्यारलं व्हतं का?"

नव्हतं विचारलं. प्लग तपासला, पेट्रोल तपासलं, नळी बदलली. बापाला विचारलं नाही.

१६ ऑक्टोबर

आबांशी बोलायचं ठरवून तीनदा त्यांच्या खाटेपाशी गेलो. पाणी पाहिजे का एवढंच विचारून परत आलो.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

आज नळी माझ्या बाजूने फिरवून घेतली. बाभळींपाशी आलो आणि मीच तिच्यावर टाच ठेवली. मोटर बंद झाल्यावर विचारलं, "आबा, जायचं का?"

"न्हाई," म्हणाले. एवढंच.

दोरी ओढली असती तर पहिल्याच ओढीला चालू झाली असती. मी वल्हं उचललं आणि बोट घराकडे वळवली.