ओढा सरकल्याचा पुरावा

दि. ९ फेब्रुवारी

चि. निळी हीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

या पत्रात एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: नगरपालिकेचा नवा विकास आराखडा मुळातच ग्राह्य नाही. सूत रंगवण्याचे तुझे रंगघर निवासी पट्ट्यात टाकले म्हणून तू रडकुंडीला आली आहेस. परंतु रडणे हा युक्तिवाद नव्हे. वीस वर्षांचा आराखडा जमिनीच्या मोजणीवर उभा असतो. ही मोजणी तू शाळेत जात होतीस तेव्हाची आहे. त्यानंतर ओढ्याने वळण बदलले, हे काठावर उभे राहून कोणीही पाहू शकेल. मोजणी शिळी, म्हणून आराखडा असिद्ध. यात फट नाही.

तुझ्या नावाची हरकत मी लिहितो आणि सुनावणीला मीच उभा राहतो. तू मागे बस, मध्ये बोलू नकोस. कोपरापर्यंत निळे झालेले हात मात्र धुऊ नकोस. ते राहू देत. तुझी वहिनी म्हणते, जन्मभर कायदा शिकवला, आता घरात ऐकणारे कोणी उरले नाही म्हणून स्वारी नगरपालिकेवर निघाली. तिच्या या विधानाला पुरावा नाही.

लोभ आहेच, तो लिहून वाढत नाही.

तुझा,
दादा

दि. १७ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

मसुदा मिळाला. वहिनीला सांगा, पुरावा मी पाठवते. दुपारी कढया निवत ठेवल्या आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. थोरला रंगारी शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, बाई, झकास आहे, पण यात आपण कुठं आहोत? सगळे हसले. मला हसू आलं नाही.

एक मागणं आहे. नगरपालिकेत नकाशांच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली की जुना चालता धंदा असेल तर ‘आहे तसा चालू राहावा’ असा शेरा आराखड्यात घालता येतो. मात्र सुनावणीत तो मागावा लागतो. तेवढंच मागा ना. मोजणीचं फार ताणू नका. ओढा सरकलाय तो आमच्याच अंगावर. मागच्या पावसाळ्यात पाणी चुलाणात शिरलं, सुताच्या लडी माळ्यावर टाकाव्या लागल्या. हे चारचौघांत न निघालेलं बरं. या वयात मला दुसरीकडे असं पाणी आणि असं अंगण कोण देणार? आणि माझ्या भरवशावर बसलेल्या या माणसांनी जायचं कुठं?

धाकटी शिकवायला लागली म्हणून रागावू नका. लोभ आहे तसा राहू द्यावा.

तुमची,
निळी

दि. २० फेब्रुवारी

चि. निळीस अनेक आशीर्वाद.

शेरा मागणार नाही. शेरा मागणे म्हणजे आराखडा मान्य करणे. आराखडा असिद्ध आहे आणि त्यात मला कोपरा द्या, ही दोन विधाने एका हरकतीत नांदत नाहीत. नवी मोजणी झाली की निवासी पट्टा आपोआप गळून पडेल. ओढा सरकला, ही आपली अडचण नसून मुख्य पुरावा आहे. तो मी पहिल्याच परिच्छेदात घेतला आहे. निश्चिंत राहा.

दादा

दि. ११ मे

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुम्ही जिंकलात. समितीच्या अध्यक्षबाई अजून म्हणतात, इतकी नेटकी हरकत त्यांनी कधी ऐकली नव्हती. फेरमोजणी झाली. मोजणारे भले लोक होते, चपला काढून आत आले. एक लाल खुंटी लडी वाळतात त्या अंगणात ठोकली आणि दुसरी, पूररेषेची, रंगघराच्या पार पलीकडे. म्हणजे आम्ही पूररेषेच्या आत आलो. निवासी पट्टा गळून पडला, तुम्ही म्हणाला होतात तसाच. पण पूररेषेच्या आत धंदाही चालत नाही आणि शेराही मिळत नाही. मी जाऊन विचारलं. अध्यक्षबाईंनी फाईल मागेपुढे चाळली. म्हणाल्या, फेरमोजणीआधी तो शेरा एका वाक्यात दिला असता, पण हरकतीत कुणी मागितलाच नव्हता.

पावसाळ्याआधी जागा मोकळी करायची आहे. थोरला रंगारी माझ्याशी बोलत नाही, कढयांशी बोलतो. निर्णय वरून आला, असं मी सगळ्यांना सांगितलंय. तुमचं नाव घेतलं नाही, घेणार नाही. तब्येतीला जपा.

निळी

दि. १९ मे

चि. निळी हीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

हरकत पुन्हा तपासली. तिच्यातले प्रत्येक विधान खरे आहे. मोजणी शिळी होती, ओढा सरकला होता, पूररेषाही खरी आहे. नगरपालिकेला मी दोष देऊ शकत नाही. तुझे पत्र वहिनीने वाचले, घडी घालून माझ्यापुढे ठेवले आणि ती आत गेली.

असत्य विधान एकच सापडले, आणि ते तुझे आहे: निर्णय वरून आला. ते तसे राहू देणे मला मान्य नाही. सोबतचा कागद, नगरपालिकेची नोटीस जिथे डकवली आहे तिच्याशेजारी डकव.

“रंगघरातील सर्वांस. बाईंनी मला एक वाक्य मागायला सांगितले होते. हरकत त्यांची होती, धंदा त्यांचा होता, माणसे त्यांची होती. माझा युक्तिवाद बिघडेल, म्हणून ते वाक्य मी मागितले नाही. चूक माझी.

(सही)
बाईंचा थोरला भाऊ”