कलम नऊ आणि घंटीची दोरी

४ फेब्रुवारी

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

गेले चार महिने मी फोन का उचलत नव्हते, त्याचं कारण सोबत पाठवते आहे. चालकाविना चालणाऱ्या गाड्यांच्या नियमांचा मसुदा आमच्या कार्यालयाने काल हरकतींसाठी जाहीर केला. त्यातलं कलम नऊ पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत माझं आहे. साहेबांनी त्यात एक स्वल्पविरामही बदलला नाही, हे मामीला आवर्जून सांगा. बावीस वर्षं बस चालवलेल्या माणसाने पाठ थोपटली तर मला बढतीपेक्षा जास्त आनंद होईल.

मामीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली का? मी रजा काढून येईन.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
भिंगरी


९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मसुदा पोहोचला. ज्या फोनला सांगून मी ही पत्रं लिहून घेतो, त्याने तो मोठ्याने वाचून दाखवला, तो असा: चित्र. चित्र. चित्र. एकोणतीस पानं चित्र. तुमच्या लोकांनी सही-शिक्क्याच्या कागदांचे फोटोच टाकले आहेत. म्हणजे आंधळ्या माणसाने हरकत घ्यायची, ती कशावर घ्यायची हे आधी शेजाऱ्याला विचारून.

शेवटी मामीने दोन दुपारी बसून वाचला. कलम नऊवर ती थांबली. मला वाटलं, चष्मा पुसत असेल. गाडीत बसणाऱ्यांपैकी एकाकडे तरी लायसन हवं आणि वेळ पडल्यास त्याला गाडीचा ताबा घेता यायला हवा, असं तू लिहिलं आहेस. बाई गं, ज्या संध्याकाळी मला समोरचा सायकलवाला दिसला नाही, त्याच संध्याकाळी मी आपण होऊन चाव्या आगारप्रमुखांच्या टेबलावर ठेवल्या. कुणी मागितल्या नव्हत्या. तेव्हा सुरक्षितता मला शिकवू नकोस. पण जिला चालकच लागत नाही, त्या गाडीत बसायला मी चालक असावं, हे तुझ्या डोक्यात आलं कुठून?

आगार गावाबाहेर हलल्यापासून चौकशीच्या खिडकीवरच्या माझ्या नोकरीला मला मामीच स्कूटरवरून सोडते. मेमध्ये ऑपरेशन झालं की सहा महिने तिला स्कूटर बंद. या गाड्या पहिल्यांदा आमच्याच रस्त्यावर धावणार, म्हणून मी आशा लावून बसलो होतो. त्यात बसता आलं नाही तर जूनपासून नोकरी सुटली म्हणून समज. वाईट वाटलं ते कलमाचं नाही, ते तू लिहिलंस याचं.

ओरडलो तरी आशीर्वादात काटछाट केलेली नाही.
तुझा,
मामा


१३ फेब्रुवारी

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. फार लाज वाटली. कलम लिहिताना त्या गाडीत मी मलाच बसवलं होतं, तुम्ही माझ्या मनातही आला नाहीत.

मसुदा फोनला वाचता येईल असा आज टाकून घेतला. त्यासाठी संगणक विभागात दिवसभर ठाण मांडून बसले. कलम मात्र मी एकटी बदलू शकत नाही. साहेब म्हणतात, गाडी बिघडली तर ती थांबवणार कोण, एवढं सांगा आणि कलम खुशाल काढा. त्याचं उत्तर तुम्हीच द्या. सव्वीस तारखेला जाहीर सुनावणी आहे, तुम्ही याच. हरकत घेणारे माझे मामा आहेत हे मी सांगून टाकलं, त्यामुळे मला आत बसता येणार नाही. काय झालं ते नंतर लिहूनच कळवा, फोनवर मी रडेन.

रागवा, पण अबोला धरू नका.
भिंगरी


२८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझे साहेब वाटले तितके वाईट नाहीत. त्यांनी खुर्ची स्वतः ओढून दिली, फक्त मी उभा होतो त्याच्या दुसऱ्या बाजूला.

त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, माझ्या बसमध्ये बावन्न माणसं बसायची. मलाच चक्कर आली तर काय, म्हणून मी कधी कुणाकडे लायसन मागितलं नाही. त्यांच्या डोक्यावर घंटीची दोरी होती, ती ओढली की मी थांबायचो. तेवढंच आम्हाला द्या. हाताला सापडेल अशी घंटी, जी वाजवली की गाडी कडेला जाऊन उभी राहील आणि मदतीला कुणाचा तरी आवाज येईल. साहेबांनी ते लिहून घ्यायला लावलं. मग चाकाच्या खुर्चीवरच्या एक शिक्षिका म्हणाल्या, की घंटीपर्यंत हात पोहोचायला आधी खुर्ची आत चढली पाहिजे, त्यासाठी उतरती फळी हवी. साहेबांनी तेही लिहून घ्यायला सांगितलं.

नंतर आवारात नमुन्याची गाडी आणली. ती इतकी गुपचूप आली, की मला पत्ताच नाही. सगळे अधिकारी डावीकडे, अजून डावीकडे, असं ओरडायला लागले आणि मी थेट झुडपात. तिथूनच सांगितलं, की रोज सकाळी एवढे सगळे आमच्या दारात येणार असाल तर ठीक, नाहीतर गाडीलाच हाक मारायला शिकवा. साहेब पोट धरून हसले. पाय खरचटला आहे, मामीला कपाटाला धडकलो असं सांगितलंय.

तू खरं सांगून बाहेर बसलीस, याचा मला अभिमान वाटला.
मामा


१९ एप्रिल

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

कलम नऊ आज नव्याने मंजूर झालं. लायसन गेलं, घंटी आली. गाडीने दारात येऊन हाक मारायची, हेही आलं. फळी मात्र दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने बसवणार म्हणे. त्या शिक्षिकांनी मला फोनवर चांगलंच फैलावर घेतलं आणि त्यांचं बरोबरच आहे. पुढचा मसुदा आधी त्यांच्याकडे जाईल, मग साहेबांकडे. या वेळी साहेबांनी माझे सात स्वल्पविराम बदलले.

ऑपरेशनला येतेच आहे. माझ्यावरचा जीव तोवर सांभाळून ठेवा.
भिंगरी


११ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तू रजा संपवून गेलीस आणि मामी काठी घेऊन घरभर हुकूम सोडत फिरायला लागली. गुडघा छान आहे.

आज सकाळी सात चाळीसला गाडी फाटकाशी आली आणि तिने मला हाक मारली. दार सापडलं. आधी घंटी चाचपली, मग बसलो. प्रत्येक वळणावर माझा उजवा पाय ब्रेक शोधत होता, ती सवय काही जायची नाही.

निघताना मामी काठी टेकत दारापर्यंत आली आणि पोहोचलात की फोन करा, म्हणाली. बस चालवायचो तेव्हा ती रोज हेच म्हणायची. चाव्या ठेवल्यापासून नऊ वर्षांत एकदाही म्हणाली नव्हती. म्हणणार कशी, ती कायम माझ्याबरोबरच असायची. गाडी वळणावर गेल्यावर हे माझ्या ध्यानात आलं आणि मला रडू आलं. गाडीत बघायला कुणी नव्हतं, ते एक बरं झालं.

चौकशीची खिडकी उघडायच्या आधी तिला फोन केला. सांगितलं, पोहोचलो.

तूही अशीच पोहोचत राहा, आणि कळवत राहा.
तुझा,
मामा