बैलांचा शनिवार

औंधाशेजारची वाडी,
आश्विन, १९४६ (आज शनिवार नाही, म्हणूनच लिहायला बसलो आहे)

तीर्थस्वरूप आप्पासो मामांच्या पायांवर भाचा सयाजी याचं डोकं. आपला दमा, मामींचे गुडघे आणि आपली खिलारं यांची खुशाली कळवावी. (खिलारांची सविस्तर.)

इकडे सारं ठीक आहे, फक्त शाळवाची पेरणी अडली आहे. त्याचं मूळ आमच्या शेजारी राहायला आलेले एलायजा पेझारकर. गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. (त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असे आणि बैल मोकळा, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे.) दर शनिवारी दुपारी ते ओट्यावर आपला धर्मग्रंथ घेऊन बसतात. तो एकट्याने वाचण्यात त्यांना गोडी नाही, समोर कुणीतरी लागतं, आणि या मुलखात त्यांच्या धर्माचं दुसरं माणूस नाही, म्हणून मला बोलावलं. मी आपल्या पोथीच्या सवयीने प्रत्येक ओळीला 'व्हय' म्हणत गेलो आणि जरा वेळाने, खोटं कशाला सांगू, खांबाला टेकून झोपलो. त्यांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, "सयाजीराव, नुसतं व्हय म्हणायला ही भिंत आहे. तुम्ही हरकत घ्या." मामा, वडीलधारं माणूस वाचतंय आणि आपण मध्येच आडवं जायचं, हे माझ्या जिभेला काही केल्या जमेना.

मग एका शनिवारी त्यांनी ते वाचलं. सातव्या दिवशी तू काम करायचं नाहीस, तुझ्या चाकराने नाही, दारात आलेल्या परक्याने नाही, तुझ्या बैलानेही नाही. आपण बेंदराला वर्षातून एकदा बैलाला पुरणपोळी चारतो आणि मिशीवर ताव देतो. इथे कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी बैलाचं नाव घेऊन दर आठवड्याची सुट्टी लिहून ठेवली होती. पुढच्या शनिवारी मी माझा हौशा बैल जुंपलाच नाही. तो करंजाखाली बसला, डोळे अर्धे मिटून रवंथ करू लागला. यमाईच्या डोंगरावरचं ऊन जागचं हलेना. पेझारकर हलक्या आवाजात वाचत होते, आणि मला वाटलं, जग नुकतंच बनवून झालं तेव्हा असंच निवांत असेल. असं सुख मला आजवर कशातच मिळालं नव्हतं.

आता हौशाचा जोडीदार कोंडीबाचा. आमची सावड आपल्याला ठाऊक आहेच, एक बैल माझा, एक त्याचा, आणि औत पाळीपाळीने दोघांच्या रानात. सोमवार महादेवाचा म्हणून गावात कुणीच जू ठेवत नाही (ती सुट्टी देवाच्या नावाची, बैलाच्या नव्हे), उरलेल्या सहा दिवसांच्या पाळ्या ठरलेल्या, आणि शनिवार नेमका कोंडीबाच्या पाळीचा. (आमच्या घरची लीलाबाई म्हणते, "देवाला बी बरा लोकाच्याच पाळीचा दिवस घावला." तिला अध्यात्माची ओढ कमी.) एका बैलाने पेरणीची पाभर चालत नाही, तेव्हा कोंडीबाचा बैलही माझ्या पुण्यात सामील झाला.

कोंडीबा ओट्यावर भांडायला आला. "आवं सायब, ह्याला पुण्य पायजे, पर माझ्या रानानं ह्याचं काय घोडं मारलंय? जोडी अर्धी ह्याची, मग सुट्टी पुरी कशी?" पेझारकरांनी चष्मा पुसला आणि त्याला जवळ बसवून घेतलं. असल्याच प्रश्नांवर आमच्या पंडितांनी पानंच्या पानं भरली आहेत, म्हणाले. तेव्हापासून कोंडीबा दर शनिवारी येतो, ओळीओळीला आडवा जातो, पेझारकर खुशीत मांडी थोपटतात, आणि मी कडेला बसतो. बैल माझा, सुट्टी माझी आणि शिष्य कोंडीबा. वाईट वाटतं, मामा.

तरी शनिवार सोडवत नाही. संध्याकाळी तीन चांदण्या दिसल्या की त्यांचा तो दिवस संपतो. पेझारकरांची नजर अधू, म्हणून चांदण्या शोधायचं काम माझ्याकडे. मला तिसरी दिसते, पण मी जरा वेळ सांगत नाही.

मामींना दंडवत, धाकट्यांना माया.

आपला,
सयाजी

ता. क. : पत्रास कारण की, आपला एखादा खिलारी बैल पेरणीपुरता पाठवावा. शनिवारी तो कोंडीबाच्या बैलाशेजारी जुंपला की त्याचं रान पेरून होईल, आणि हौशाची सुट्टीही मोडणार नाही. हस्ताची ओल उडून चालली आहे, उशीर करू नये.

पुन्हा ता. क. : बैल पाठवू नका. वरचा मजकूर काल ओट्यावर वाचून दाखवला, तर कोंडीबानेच हरकत घेतली. "दारात आलेल्या परक्याला बी सुट्टी हाय न्हवं? मग मामाचा बैल परका न्हाई व्हय?" ज्याचं रान पडून आहे त्यानेच असं म्हणावं, यावर पेझारकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग दोघांनी मिळून निकाल दिला, की ज्याला पुण्य हवं त्याने ते पदरचं घालून करावं, म्हणून ओल आहे तोवर माझ्या पाळीचे सगळे दिवस कोंडीबाला. तेव्हा बैलाऐवजी वर्षाच्या भाकरीपुरता शाळू आमच्यासाठी बाजूला ठेवावा. मी जन्मातली पहिली हरकत घ्यायला तोंड उघडलं होतं, पण सवयीने 'व्हय' बाहेर पडलं.